लासे विरेन: दोन ऑलिम्पिकमध्ये चार गोल्ड, पण मधल्या वर्षांत हा माणूस होता कुठे?

मुलुंडचा_पळपुटा

मंडळी, आमच्या रनिंग ग्रुपवर सध्या जो धुमाकूळ चाललाय त्याचा निकाल इथे लागतो का बघूया.

झालं असं की जानेवारीत मुंबई मॅरेथॉनची फुल टाकलीय, आणि त्याआधी डिसेंबरात एक हाफ मॅरेथॉन आहे, रूट सपाट, पहाटे जरा गारवा असतो, तिथे माझा पीबी (पर्सनल बेस्ट, आतापर्यंतची सगळ्यात चांगली वेळ) नक्की येणार असं माझं गणित. कोच म्हणतात अजिबात नाही, ती ट्रेनिंग रन म्हणून पळायची, घड्याळाकडे बघायचं नाही, मागचे पुढे गेले तर जाऊ द्यायचे. मी म्हटलं मग बिबचे (छातीवरच्या नंबरचे) पैसे कशाला भरले, घरासमोर फुकट पळतो की. त्यावर त्यांनी फिनलंडच्या लासे विरेन ह्या जुन्या धावपटूचं नाव काढलं, म्हणे जा आणि त्याचं करिअर वाच, मग बोल.

वाचलं. आधी म्युनिक १९७२ च्या दहा हजार मीटरचा व्हिडिओ बघितला. पंचवीस लॅपची रेस, बाराव्या लॅपला माणूस ट्रॅकवर चक्क आडवा होतो, त्याच्यावर अडखळून ट्युनिशियाचा गम्मूदी पडतो, आणि हा फिनलंडवाला काहीच न झाल्यासारखा उठून परत लाइनीत जाऊन बसतो, आणि शेवटी जिंकतो, तेही वर्ल्ड रेकॉर्डसकट. अंगावर काटा आला खरं सांगायचं तर.

पण बाकीचं वाचायला घेतलं आणि डोक्याचं भजं झालं. ७२ ला पाच हजार आणि दहा हजार दोन्ही गोल्ड, ७६ ला माँट्रियलला परत दोन्ही गोल्ड, आणि मध्ये काय, तर साध्या साध्या मीटमध्ये कोणीही येऊन ह्याला मागे टाकून जातंय. ग्रुपमधला एकजण म्हणतो हाच खरा प्लॅनिंगवाला. दुसरा म्हणतो चार वर्षांतून एकदा पळतो तो ग्रेट कसला. तिसऱ्याने रक्ताचा विषय काढला, की ऑलिम्पिक आलं की स्वतःचंच रक्त चढवून घ्यायचे म्हणे, आणि मग तर भांडणच लागलं, दोघं ग्रुप सोडून गेले.

तर कोणी नीट सांगेल का, हा प्लॅन होता, नशीब होतं की भानगड होती?

वडापाव_पेसर

गावचा पोलीस होता ना तो? मग मधली वर्षं बंदोबस्ताला असणार.

जुना_ट्रॅकवाला

पेसरभाऊ, पोलीस होता हे खरं आहे, म्युर्स्क्युला नावाच्या छोट्या गावातला. आणि तुमच्या जोकमध्येच अर्धं उत्तर आहे, त्याच्याकडे येतो.

पळपुटा, तुम्ही विरेनचं करिअर आजच्या कॅलेंडरवर ठेवून बघताय म्हणून ते तुम्हाला विचित्र दिसतंय. आज दर दोन वर्षांनी वर्ल्ड चॅम्पियनशिप असते, डायमंड लीग असते, रोड रेसला लाखांची बक्षिसं असतात. विरेनच्या वेळी यातलं काय होतं? ॲथलेटिक्सची वर्ल्ड चॅम्पियनशिप सुरू झाली १९८३ ला, तीही हेलसिंकीलाच, तोवर ह्याचं करिअर संपलं होतं. ॲथलीट ॲमॅच्युअर, उघडपणे पैसे घ्यायची सोय नाही, पोटाला नोकरी. म्हणजे जगात सगळ्यात मोठा कोण हे ठरवणारी रेस चार वर्षांतून एकदाच व्हायची. मग ज्याच्या कोचला डोकं आहे तो सगळं तिथेच लावणार ना. बाकीचे दर उन्हाळ्यात स्टॉकहोम, ऑस्लो, लंडन करत एकमेकांना हरवत बसायचे आणि ऑलिम्पिकच्या फायनलला थकून यायचे.

आता हे त्याला कुठून सुचलं तर थोडा मागचा हिशोब. जन्म १९४९ चा. १९६९ च्या सुमारास अमेरिकेत ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीत स्कॉलरशिपवर गेला, करमलं नाही, परत आला. त्याच सुमारास न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड फिनलंडमध्ये येऊन कोच लोकांना शिकवून गेले होते. आधी महिनोन्महिने नुसतं लांब, आरामात पळायचं, मग चढ, मग शेवटी स्पीड, आणि हे सगळं एका तारखेकडे नेऊन सोडायचं. विरेनचे कोच रॉल्फ हाइक्कोला यांनी हे उचललं. १९७१ ला हेलसिंकीत युरोपियन चॅम्पियनशिप झाली, घरच्या प्रेक्षकांसमोर, तिथे विरेन पाच हजारला सातवा आणि दहा हजारला सतरावा. दोन्ही गोल्ड नेली दुसऱ्याच फिनिश माणसाने, युहा व्हॅटाइनेनने. तेव्हा विरेनकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं.

वर्षभराने तोच माणूस म्युनिकला. ऑगस्टमध्ये स्टॉकहोमला दोन मैलांचा वर्ल्ड रेकॉर्ड केला तेव्हा थोडी कुजबुज झाली होती म्हणा. दहा हजारची फायनल ३ सप्टेंबरला. इंग्लंडचा डेव्ह बेडफर्ड पहिल्यापासून आग लावल्यासारखा पळत होता, मग ते पडणं. गम्मूदीने थोड्या वेळात रेस सोडली, विरेनने मात्र लॅपभराच्या आत पुढचा घोळका गाठला. तो व्हिडिओ परत बघा आणि उठल्यावर त्याचा चेहरा बघा. घाई नाही, हातवारे नाहीत, स्प्रिंट मारून एकदम गॅप भरायचा नाही, हळूहळू भरायचा. आपल्याकडे पोरं बुटाची लेस सुटली तरी नंतरचा किलोमीटर जीव खाऊन मारतात आणि संपतात. शेवटचा दीड लॅप उरला तेव्हा त्याने जी किक मारली (शेवटचा वेग काढला) ती फक्त बेल्जियमच्या पुटमन्सला थोडी झेपली. २७:३८.४. ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कचा सात वर्षांचा रेकॉर्ड साधारण सेकंदाने गेला. म्हणजे पडूनसुद्धा सरासरी किलोमीटर २:४६ च्या आत. १९३६ च्या बर्लिननंतर फिनलंडला धावण्यात मिळालेलं पहिलं ऑलिम्पिक गोल्ड हे. ज्या देशाने एकेकाळी लाँग डिस्टन्स स्वतःच्या नावावर करून ठेवलं होतं त्याला ३६ वर्षं थांबावं लागलं.

मधे ५ सप्टेंबरला इस्रायली खेळाडूंवर हल्ला झाला, सगळं वेळापत्रक पुढे सरकलं. पाच हजार झाली १० तारखेला, तीही ह्यानेच जिंकली, गम्मूदी सिल्व्हर, आणि अमेरिकेचा प्रीफोंटेन, जो शेवटचा मैल तुफान काढायला निघाला होता, तो चौथा. त्याच दिवशी फिनलंडच्याच पेक्का व्हसालाने पंधराशे जिंकली. चार दिवसांनी हेलसिंकीला विरेनने पाच हजारचा वर्ल्ड रेकॉर्ड केला १३:१६.४ आणि आठवड्याभरात पुटमन्सने तो मोडलासुद्धा.

मग ७३, ७४, ७५. दुखापती होत्या, नोकरी होती, आणि मुद्दाम हात राखून पळणंही होतं. तरी ७४ ला रोमच्या युरोपियनमध्ये पाच हजारला ब्राँझ आहे, तेवढं ग्रुपवर सांगा. अगदीच गायब नव्हता.

थोडक्यात त्याच्या दृष्टीने बाकीच्या रेसेस म्हणजे प्रीलिम. बोर्डाचा पेपर एकच.

मुलुंडचा_पळपुटा

काका जबरदस्त. पण एक शंका आहेच. माँट्रियलला आफ्रिकन देशांनी बहिष्कार टाकला होता ना? मग ७६ ची दोन गोल्ड थोडी स्वस्तात नाही का मिळाली?

कोळीवाडा_एक्सप्रेस

स्वस्तात वगैरे नाही हो. बहिष्कार होता हे बरोबर. न्यूझीलंडची रग्बी टीम वर्णभेदवाल्या दक्षिण आफ्रिकेत खेळायला गेली होती, तरी न्यूझीलंडला ऑलिम्पिकमध्ये घेतलं म्हणून आफ्रिकन देश निघून गेले. त्यात इथिओपियाचा मिरुत्स यिफ्तर गेला, जो म्युनिकला दहा हजारमध्ये ब्राँझ घेऊन बसला होता आणि ज्याने पुढे १९८० ला मॉस्कोत दोन्ही गोल्ड उचलली. तो असता तर काय झालं असतं हा प्रश्न रास्त आहे. गंमत बघा, ज्या न्यूझीलंडवरून एवढं रामायण झालं त्याच न्यूझीलंडचा डिक क्वॅक्स पाच हजारला सिल्व्हर आणि रॉड डिक्सन चौथा.

पण दहा हजारमध्ये पोर्तुगालच्या कार्लोस लोपेशने एवढा पेस ठेवला होता की एकेक करून सगळे गळाले, विरेन एकटा चिकटून राहिला आणि शेवटी त्याला मागे टाकून गेला, २७:४०.३८. ह्याला स्वस्त म्हणणाऱ्याने स्वतः एक लॅप ६६ सेकंदात मारून दाखवावा, बास एक, पंचवीस नको.

आणि ते बुटांचं प्रकरण! जिंकल्यावर ह्याने बूट काढले आणि हातात धरून पब्लिकला दाखवत अनवाणी चक्कर मारली, टायगर कंपनीचे बूट. ऑलिम्पिकवाले म्हणाले ही जाहिरात आहे, हा म्हणाला पायाला फोड आला होता. पुढची पाच हजार पळू देतात की नाही इथपर्यंत गेलं होतं प्रकरण.

वडापाव_पेसर

फोड आला म्हणून बूट काढले ठीक आहे, डोक्यावर कशाला धरले 😂

गोरेगाव_ओपीडी

रक्ताच्या मुद्द्यावर कोणीच बोलत नाहीये म्हणून मी लिहितो, पेशाने डॉक्टर आहे, स्पोर्ट्सवाला नाही.

प्रकार सोपा आहे. रेसच्या बऱ्याच आठवडे आधी स्वतःचं रक्त काढायचं, त्यातल्या लाल पेशी साठवून ठेवायच्या, मधल्या काळात शरीर नवीन पेशी बनवून भरपाई करतं, आणि रेसच्या थोडं आधी साठवलेल्या पेशी परत चढवायच्या. हिमोग्लोबिन वाढतं, स्नायूंना ऑक्सिजन जास्त पोचतो. स्वीडनच्या ब्यॉर्न एकब्लोम यांनी यावर अभ्यास छापला तो १९७२ चाच, म्हणून विरेनवर बोट गेलं, शेजारचा देश, तेच वर्ष. त्याने कायम नाकारलंय. पत्रकारांनी फारच छळलं तर रेनडिअरचं दूध पितो असं थट्टेत सांगायचा. त्याच्याविरुद्ध काही सिद्ध झालेलं नाही हे स्पष्ट लिहितो, कारण व्हॉट्सॲपवर सगळेच न्यायाधीश असतात.

मात्र संशय हवेतून आला असंही नाही. मॉस्कोला १९८० मध्ये दहा हजारचं सिल्व्हर आणि पाच हजारचं ब्राँझ घेणारा कार्लो मानिंका हाही फिनिश, आणि त्याने नंतर स्वतः सांगितलं की मी रक्त चढवून घेतलं होतं. आणि तेव्हा ते नियमाबाहेर नव्हतंच! बंदी आली ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. त्यामुळे मानिंकाची मेडल कोणी काढून घेतली नाहीत.

माझं मत विचाराल तर फक्त ऑलिम्पिकच्या वेळीच फॉर्ममध्ये येणं हे दोन्ही गोष्टींशी जुळतं, उत्तम पीकिंगशी (नेमक्या तारखेला फॉर्म टोकाला आणण्याशी) पण आणि रक्ताशी पण. म्हणून त्यावरून काहीच ठरत नाही. ज्यांना ठरवायचंच आहे त्यांनी आधीच ठरवलेलं असतं.

नुर्मी_फॅन_ठाणे

विरेन विरेन काय लावलंय. फिनलंडचा लाँग डिस्टन्सवाला म्हणजे पावो नुर्मी, विषय संपला. नऊ गोल्ड, तीन सिल्व्हर. १९२४ ला पॅरिसमध्ये एकाच दुपारी पंधराशे आणि पाच हजार दोन्ही फायनल जिंकल्या, मध्ये दोन तासांचीसुद्धा विश्रांती नाही. दोन दिवसांनी भयंकर उन्हात क्रॉस कंट्री, ३८ जण सुटले, १५ जण पोचले, पहिला नुर्मी. त्या वेळी फिनलंडच्याच अधिकाऱ्यांनी त्याला दहा हजारमध्ये उतरू दिलं नाही, तर घरी जाऊन ऑगस्टअखेर ३०:०६.२ चा वर्ल्ड रेकॉर्ड लावला जो जवळपास तेरा वर्षं टिकला. १९२५ ला अमेरिकेत पाच महिन्यांत पन्नासहून जास्त रेस पळला आणि जवळजवळ सगळ्या जिंकल्या. ह्याला म्हणतात करिअर. हात राखून वगैरे भानगड नाही. बारा वर्षांचा असताना वडील गेले, शाळा सोडून बेकरीत पोऱ्या म्हणून लागला, हातगाडी चढावर ढकलायचा, तिथून आलेला माणूस आहे हा.

आणि आपल्या लोकांसाठी एक गोष्ट. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला मशाल घेऊन स्टेडियममध्ये शिरला तो हाच, पंचावन्न वर्षांचा नुर्मी. आणि त्याच ऑलिम्पिकमधून कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीचं ब्राँझ घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक मेडल.

जुना_ट्रॅकवाला

नुर्मीबद्दल दुमत नाहीच. पण नुर्मीचं काय झालं तेही सांगा की. त्याच एवढ्या रेसेस आणि दौऱ्यांच्या खर्चाच्या हिशोबावरून १९३२ ला त्याला ॲमॅच्युअर नाही म्हणून बाद केलं, लॉस एंजेलिसची मॅरेथॉन पळायची राहून गेली. त्याच्या काळी नाव व्हायचं ते दौऱ्यांमधून, म्हणून तो दौरे करायचा. विरेनच्या काळी नाव व्हायचं ऑलिम्पिकमधून. दोघांनीही आपापल्या काळाचं कॅलेंडर बरोबर वाचलं होतं एवढंच माझं म्हणणं.

बाकी १९२० चं अँटवर्प, जिथे नुर्मीने पहिली गोल्ड घेतली, तिथली मॅरेथॉन जिंकली हानेस कोलेहमाइनेनने, तोही फिनिश. आणि त्याच मॅरेथॉनमध्ये १९ वे आलेले फडेप्पा चौगुले आपल्या बेळगावचे. पुण्यात डेक्कन जिमखान्यावर दोराबजी टाटांनी अनवाणी पळणारी पोरं बघितली आणि टीम पाठवायचं मनावर घेतलं, ती टीम. ह्यांचं नाव आपल्या रनिंग ग्रुपमध्ये किती जणांना माहितीये देव जाणे, बुटांचे मॉडेल नंबर मात्र सगळ्यांना पाठ.

डोंबिवली_फास्ट_ताई

मुद्दा कुठल्या कुठे गेला, मूळ प्रश्न डिसेंबरच्या हाफचा होता 🙂

पळपुटा दादा, कोचचं ऐका. मी पूर्वी सगळ्याच रेस ठोकून पळायचे, दर महिन्याला मेडल, घरात हँगर भरला, आणि जानेवारीत पेडर रोडला पाय संपलेले. आता पावसाळाभर नुसते सावकाश किलोमीटर, आरे नाहीतर नॅशनल पार्क, घामाने टीशर्ट पिळायची वेळ येते पण पेसची काळजी नाही, कारण मुंबईच्या दमट हवेत ऑगस्टमध्ये घड्याळ जे दाखवतं त्यावर विश्वास ठेवायचाच नाही. मग ऑक्टोबरनंतर पेडर रोडचा चढ, आणि स्पीड एकदम शेवटी, ट्रॅकवर. काकांनी लिडियार्डचं जे सांगितलं तेच हे, फक्त बर्फाऐवजी चिखल.

पण एक सांगू, विरेनची नक्कल सगळीकडे करू नका. त्याने माँट्रियलला पाच हजार जिंकली आणि दुसऱ्याच दिवशी मॅरेथॉनला उभा राहिला, आयुष्यातली पहिली! चेकोस्लोव्हाकियाच्या झाटोपेकने ५२ ला पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन तिन्ही जिंकल्या होत्या तसं करायचं डोक्यात होतं. पाचवा आला, २:१३:११. आमच्या ग्रुपमध्ये एकाने हे ऐकून शनिवारी दहा के आणि रविवारी फुल केली, नंतर लोकलचा जिना उतरताना दोघांनी धरून आणला.

कोळीवाडा_एक्सप्रेस

ताई त्याच माँट्रियल मॅरेथॉनमध्ये आपले शिवनाथ सिंग अकरावे होते, २:१६:२२. विरेनच्या मागे तीन मिनिटं आणि काही सेकंद. दोन वर्षांनी त्यांनीच जालंधरला २:१२:०० पळून ठेवलंय, आणि ते गाठायला आपल्याकडे किती दशकं लोक धडपडत राहिले बघा. त्यांच्यावर कोण धागा काढणार?

जुना_ट्रॅकवाला

मी काढतो, जरा सवड मिळू दे. त्यात हरी चंदही घेऊ, माँट्रियलला दहा हजारच्या हीटमध्ये (प्राथमिक फेरीत) २८:४८ पळाले होते, तो नॅशनल रेकॉर्ड ३२ वर्षं हलला नाही. आपल्याकडे एवढे जुने रेकॉर्ड दिसले की लोक कौतुक करतात, मला तर टेन्शन येतं. आता बीडचा धावपटू अविनाश साबळे आहे म्हणून जरा बरं वाटतं.

मुलुंडचा_पळपुटा

सगळ्यांना थँक्यू. ग्रुपवर लिंक टाकलीय, सोडून गेलेल्या दोघांना पण पाठवली. कोचना अजून काही बोललेलो नाही, लगेच बोललो तर डोक्यावर बसतील. हाफ सावकाश पळेन बहुतेक, शेवटचे दोन किलोमीटर सोडून, ते मात्र मी मारणार, कोणी काही म्हणा.

एक राहिलं, विरेनचं पुढे काय झालं? आणि अजून कुठली रेस बघू?

नुर्मी_फॅन_ठाणे

नुर्मीची बघा.

कोळीवाडा_एक्सप्रेस

पुढे मॉस्को १९८० ला दहा हजारमध्ये पाचवा आला, मॅरेथॉन अर्ध्यात सोडली, मग थांबला. नंतर राजकारणात गेला, १९९९ पासून फिनलंडच्या संसदेत खासदार होता.

बघायची असेल तर माँट्रियलची पाच हजार बघ, आणि शेवटचे तीन-चार लॅप अजिबात पुढे ढकलू नकोस. विरेन पुढे जाऊन बसलाय आणि दर लॅपला थोडा थोडा पेस वाढवतोय, मागे क्वॅक्स, डिक्सन, जर्मनीचा हिल्डेनब्रँड, इंग्लंडचा फॉस्टर, सगळे चिकटलेले, सगळ्यांना वाटतंय आत्ता काढू ह्याला. शेवटच्या वळणावर क्वॅक्स बाजूने येतो, जवळजवळ खांद्याला लागतो, आणि हा परत एक गिअर टाकतो. १३:२४.७६, क्वॅक्स १३:२५.१६. हिल्डेनब्रँडने तर लाइनवर अंगच झोकून दिलं आणि डिक्सनचं ब्राँझ हिसकावलं, बारा शतांश सेकंदांनी.